गाण्याचे मागचे-पुढचे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज एका गाण्याविषयी बोलायचे आहे. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेले आहे. कुठे ऐकले, असे विचारले तर पुष्कळजण सांगतील, कुणाच्या तरी तेरवीला किंवा शोकसभेत. फोटोला हार घातलेला असतो, उदबत्ती जळत असते, माणसे चपला बाहेर काढून सतरंजीवर येऊन बसत असतात आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर सुधीर फडके यांचा तो शांत, स्वच्छ आवाज चालू असतो. गीतरामायणातले 'पराधीन'. माणसाच्या हाती काही नाही, जे घडले त्याचा ठपका कुणावर ठेवू नये, असे समजावणारे गाणे.

आमच्या बल्लारपुरातही हे गाणे लागते. बल्लारपूर म्हणजे एका अंगाला वर्धा नदी आणि गोंड राजांचा जुना किल्ला, दुसऱ्या अंगाला कागदाचा कारखाना, कोळशाच्या खाणी, लाकडाचे डेपो आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरचे रेल्वे जंक्शन. अशा गावात मरण नेहमीच म्हातारपणी, अंथरुणावर येते असे नाही. कुणी खाणीत जातो, कुणी यंत्रात सापडतो, कुणी रुळांवर. आजूबाजूच्या खेड्यांतून तेंदूपत्ता तोडायला किंवा मोहफुले वेचायला पहाटे जंगलात गेलेली बाई वाघाच्या तावडीत सापडते. आणि मग तिसऱ्या की तेराव्या दिवशी तेच गाणे लागते. यात दोष कुणाचाच नाही, असे ते सांगत राहते. ऐकणारे माना डोलावतात, डोळे पुसतात, घरी जातात.

अशा वेळी मनात प्रश्न येतो. खरेच कुणाचा दोष नव्हता? खाणीचे छत आधार न लावता तसेच ठेवले असेल तर? यंत्राची जाळी काढून ठेवलेली असेल तर? की गाणे बरोबर आहे, पण ते ज्या जागी उभे होते तिथून उचलून आपण भलत्याच जागी नेऊन ठेवले आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडा लांबचा रस्ता घेऊ. आपल्याला इंग्लंडला जाऊन परत यायचे आहे.

गाणे एकटे असते, ही समजूत मुळात ध्वनिमुद्रिकेने पक्की केली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटे मावत. त्यामुळे गाणेही तेवढेच झाले. गायकाने सुरू करायचे, दोन-तीन कडवी म्हणायची आणि तबकडी संपायच्या आत संपवायचे. आपली भावगीते, नाट्यपदांच्या तबकड्या, सिनेमाची गाणी या मापात कापली गेली. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सलग मावू लागली. सुरुवातीला कंपन्यांनी त्यात दहा-बारा सुटी गाणीच भरली. पण १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही तरुण वादकांच्या लक्षात आले की, एवढी जागा मिळाली आहे तर एकच गोष्ट सांगता येईल. गाण्याला गाणे जोडून.

यातून जो प्रकार जन्माला आला त्याला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणतात. एका कल्पनेभोवती किंवा एका कथेभोवती विणलेली गाण्यांची मालिका. 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाने १९६९ साली 'टॉमी' नावाची अशी मालिका केली. रॉक संगीताच्या ज्या शाखेला पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव मिळाले, तिने तर हा प्रकार आपलाच करून टाकला. ठेक्यावर नाचण्यापेक्षा बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्याचे हे संगीत. त्यातले एक मोठे नाव म्हणजे पिंक फ्लॉईड.

पिंक फ्लॉईडचा 'द वॉल' हा दोन तबकड्यांचा अल्बम १९७९च्या नोव्हेंबरात आला. त्यात २६ गाणी आहेत आणि गोष्ट एकाच माणसाची. त्याचे नाव पिंक. त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात गेला. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या रॉजर वॉटर्सचे वडीलही १९४४ साली इटलीत अँझिओच्या लढाईत पडले होते. बापाविना वाढलेला हा मुलगा स्वतःभोवती एक भिंत बांधत जातो. बापाचे जाणे ही पहिली वीट. शाळेतले जाचक मास्तर ही दुसरी. मुलाला पदराखालून बाहेर न सोडणारी आई ही आणखी एक. मोडलेला संसार ही पुढची. भिंत पूर्ण होते आणि माणूस आत कोंडला जातो.

यातले एक गाणे जगभर गाजले. 'अनदर ब्रिक इन द वॉल', भाग दुसरा. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांनी त्यात कोरस गायला आहे. मास्तरांचा जाच नको, असली शाळा नको, असे मुले एका सुरात ठणकावून सांगतात. १९७९च्या नाताळात ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. आपल्याकडेही इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या वसतिगृहांत, गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला ते येत असे, आजही येते. आणि बहुतेकांच्या लेखी ते शाळेविरुद्धचे गाणे आहे, बस्स.

पण त्याचे मागचे-पुढचे पाहिले की चित्र बदलते. नावातच 'भाग दुसरा' आहे. म्हणजे पहिला भाग आहे आणि तो बापाच्या मरणाचा आहे. या गाण्याच्या लगेच आधी मास्तरांचे छोटे गाणे येते. मुलांना छळणारा हा मास्तर घरी बायकोकडून मार खातो, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे छळणाराही छळलेलाच. आणि मुलांच्या कोरसनंतर लगेच येते ते आईचे गाणे. ती प्रेमाने जवळ घेते आणि त्या प्रेमानेच भिंत आणखी उंच करते. हे सगळे एका रांगेत ऐकले की कळते, ते गाणे शाळा बंद करा असे सांगणारे नाही. माणूस एकटा कसा पडत जातो, या लांबलचक हकिकतीतला तो एक मुक्काम आहे. ज्या मुलाच्या तोंडून आपण आरोळी ऐकतो, तोच पुढे मोठा होऊन दुसऱ्यांवर जुलूम करू लागतो, हेही त्या हकिकतीत आहे.

मग रांगेतून सुटलेले गाणे वायाच गेले म्हणायचे का? तसे नाही. १९८० साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती. काळ्या आणि मिश्रवर्णीय मुलांना मिळणारे शिक्षण गोऱ्यांपेक्षा कितीतरी हलके होते. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला आणि ते हेच गाणे म्हणू लागले. सरकारने गाण्यावर बंदी घातली. त्या मुलांना पिंकच्या भिंतीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी एक वीट काढून घेतली आणि आपल्या लढाईत वापरली. तिथे ते सुटे गाणे जाब विचारत होते.

म्हणजे सुट्या गाण्याचे दोन्ही होऊ शकते. ते जाब विचारायला शिकवू शकते, तसे गप्प बसायलाही शिकवू शकते. आता आपण परत आपल्या गाण्याकडे येऊ.

गीतरामायणाला मी मराठीतला कॉन्सेप्ट अल्बम म्हटले तर काहींना ते खटकेल. पण वर्षे पाहा. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तिथे सीताकांत लाड हे कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळत होते. वर्षभर चालेल असा काही कार्यक्रम करावा, हे त्यांच्या मनात होते. ग. दि. माडगूळकरांनी रामकथा गीतांतून सांगायचे मनावर घेतले, सुधीर फडके यांनी संगीत दिले आणि १ एप्रिल १९५५ या दिवशी, शुक्रवारी, रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले. पुढे आठवड्याला एक नवे गीत. वर्षाचे बावन्न आठवडे म्हणून बावन्न गीते व्हायची होती. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि पुढची रामनवमी लांबली. म्हणून ती ५६ झाली. पंचांगाने दिलेली ही चार गीते! तेव्हा कवी आणि संगीतकार दोघेही जेमतेम पस्तिशीचे होते.

इथेही जागेचा प्रश्न होताच. तबकडीवर तीन मिनिटे मिळत, रेडिओने पाऊण तासाची नाही तरी पाव तासाची जागा दिली. त्यामुळे माडगूळकरांना आठ-आठ, दहा-दहा कडव्यांची गीते लिहिता आली. कैकेयीवर संतापलेला भरत, वाट पाहणारी शबरी, अशोकवनातली सीता, प्रत्येकाला आपले म्हणणे सावकाश, पूर्णपणे मांडता आले. इंग्लंडातल्या पोरांना लाँग प्लेइंग रेकॉर्डने जे दिले, ते आपल्या या दोघांना पुण्याच्या रेडिओने त्याच्या दहा-बारा वर्षे आधी दिले होते.

रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिल्या गीतात लव-कुश हे रामाच्याच सभेत, रामासमोर, रामाची कथा गायला उभे राहतात. ते आपले मुलगे आहेत हे रामाला ठाऊक नाही. मग कथा सुरू होते आणि एकेक पात्र स्वतःच्या तोंडून बोलू लागते. छप्पन्नावे गीत वाल्मीकींचे आहे. ते मुलांना सांगतात, जा, रामासमोर जाऊन ही कथा गा. म्हणजे शेवटचे गीत जिथे संपते तिथेच पहिले सुरू होते. वर्तुळ पूर्ण होते. योगायोग असा की 'द वॉल'चीही रचना अशीच आहे. त्याच्या अखेरीस एक वाक्य अर्धवट तुटते आणि उरलेला अर्धा तुकडा अल्बमच्या अगदी सुरुवातीला ऐकू येतो. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गोष्ट सलग सांगायची ठरली की सांगणाऱ्याला हे सुचते, की ऐकणाऱ्याने संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकावे.

आता 'पराधीन' या गोल माळेत कुठे आहे ते पाहू. दशरथ गेला. आजोळाहून परतलेल्या भरताला सगळे कळते आणि तो आईवर तुटून पडतो. तू आई नव्हेस, वैरीण आहेस, या अर्थाचे त्याचे गीत आहे. इतका संताप गीतरामायणात फार थोड्या ठिकाणी आहे. त्यानंतर भरत सैन्य, मंत्री, नगरजन यांना घेऊन चित्रकूटला निघतो. रानात धूळ उडताना पाहून लक्ष्मणाला वाटते, हा आपल्याला मारायला आला आहे. तो रामाला सांगतो, धनुष्य उचल. म्हणजे एक भाऊ आईचा गळा घोटायला निघाल्यासारखा, दुसरा भाऊ त्या भावावर बाण सोडायला निघालेला. अशा दोन संतापांच्या मधोमध राम बोलतो. ते गीत म्हणजे 'पराधीन'.

तिथे उभे राहून ऐका. राम कुणाशी बोलतो आहे? रडणाऱ्या, चिडलेल्या धाकट्या भावाशी. बापाच्या मरणाची बातमी त्याला नुकतीच कळलेली आहे. दोष कुणाचा नाही, असे तो म्हणतो तेव्हा पहिले नाव घेतो ते कैकेयीचे, आणि मग वडिलांचे. ज्या बाईमुळे त्याला राज्य गमवावे लागले, तिच्यावरचा ठपका तो स्वतः काढून टाकतो, कारण तिचा मुलगा समोर उभा आहे आणि त्याला उरलेले आयुष्य त्या आईबरोबर काढायचे आहे. अन्याय ज्याच्यावर झाला तोच क्षमा करतो आहे. ती क्षमा करण्याचा अधिकार फक्त त्याचाच होता.

या गीताचे तीन भाग सहज दिसतात. पहिल्यात ही क्षमा आहे. दुसऱ्यात तत्त्वज्ञान आहे. जन्माबरोबर मरण येते, भरभराटीला उतार असतोच, वगैरे. तिसऱ्या भागात राम कामाचे बोलतो. डोळे पूस, तुझी वाट वेगळी आणि माझी वेगळी, तू अयोध्येचा कारभार बघ, मी वडिलांचा शब्द पाळतो, चौदा वर्षे संपल्याशिवाय मी परत येणार नाही, हे पक्के समज. स्वतःच्या हाती काही नाही असे मानणाऱ्या माणसाची ही भाषा आहे का? शोकसभेत मात्र बहुधा मधलाच भाग आपल्या कानात राहतो. पहिला ऐकताना माणसे अजून येऊन बसत असतात आणि तिसरा येईपर्यंत कुणीतरी भाषणाला उभे राहिलेले असते.

आणि त्यापुढचे गीत? ते भरताचे आहे. वडील गेले, आई मनातून गेली, आता मी पोरका झालो, असे तो म्हणतो आणि पादुका मागतो. माडगूळकरांचे मोठेपण इथे दिसते. एवढे तत्त्वज्ञान ऐकूनही भरताचे दुःख कमी होत नाही. कवीने त्याला समजूत पटल्याचे दाखवले नाही. तो फक्त आईला बोल लावायचे थांबवतो आणि पादुका डोक्यावर घेऊन कामाला लागतो. नंदिग्रामात राहून चौदा वर्षे राज्य सांभाळतो आणि मालक परतल्यावर त्याच्या स्वाधीन करतो. शोकाचे उत्तर त्याला तत्त्वज्ञानात सापडले नाही. जबाबदारी उचलण्यात ते त्याला थोडेफार सापडले.

या गीताच्या मधल्या भागात एक दाखला आहे. समुद्रात दोन ओंडके वाहत येतात, भेटतात आणि एका लाटेने कायमचे दुरावतात, माणसांच्या भेटीगाठीही तशाच. हा दाखला मूळ वाल्मीकिरामायणातला, अयोध्याकांडातला आहे. आमच्याकडे ओंडका म्हटले की डोळ्यांपुढे लाकडाचा डेपो येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान इथल्या डेपोत येऊन पडते आणि देशभर जाते. २०२३ साली अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेले ते बल्लारपूरहूनच. त्या डेपोत कधी चक्कर मारा. थप्पीतल्या ओंडक्यांवर नंबर टाकलेले असतात, हातोड्याचे ठसे असतात, वहीत नोंद असते. कुठल्या जंगलातून आला, किती लांबीचा, किती घेराचा, सगळे लिहिलेले. तिथला ओंडका लाटेवर वाहत आलेला नाही. तो कुणीतरी कापला, कुणीतरी मोजला, कुणीतरी सही करून पाठवला.

मला म्हणायचे आहे ते एवढेच. समुद्रातल्या ओंडक्यांचा दाखला दशरथाच्या मृत्यूला लागू आहे. म्हाताऱ्या आईच्या जाण्याला लागू आहे. न समजलेल्या आजाराने नेलेल्या तरुण मुलालाही लागू आहे. पण जिथे कापणाऱ्याचे, मोजणाऱ्याचे आणि सही करणाऱ्याचे नाव वहीत आहे, तिथे तो लागू नाही. जिथे सुरक्षेचा टोप न देताच माणसाला खाली पाठवले, फाटकावर माणूस नव्हता, वाघ त्याच रस्त्यावर तीनदा दिसल्याचे सांगूनही कुणी फिरकले नाही, तिथे अपराध कुणाचा नाही असे म्हणणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. शिवाय ते म्हणतो कोण, हेही पाहिले पाहिजे. रामाने म्हटले, कारण सोसणारा तो होता. ज्यांच्या हलगर्जीपणाने माणूस गेला, त्यांच्या बाजूने दुसऱ्या कुणी ते गाणे लावले, तर शब्द आणि सूर तेच असूनही त्याचा अर्थ अगदी उलटा होतो.

सलग ऐकण्याची सवय आमच्या भागाला काही नवी नाही. १९५५ साली पुण्याहून गीतरामायण चालू होते तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव चांदा होते आणि तो मध्य प्रदेशात होता. वर्धा नदीपलीकडचे राजुरा हैदराबाद संस्थानाच्या मागे उरलेल्या राज्यात होते. गीतरामायण आमच्याकडे पुढे ध्वनिमुद्रिकांतून, कॅसेटींतून आणि रामनवमीच्या कार्यक्रमांतून रुळले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे रात्ररात्र कथा ऐकली जात होती. झाडीपट्टीचे नाटक आजही दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. रात्री जेवणखाण आटोपून माणसे बसतात ती पहाटेच उठतात. गाणे आवडले तर 'वन्स मोअर' मिळतो, पण पुन्हा म्हणून झाले की नाटक तिथून पुढे चालू होते. गाण्यासाठी कुणी गोष्ट सोडून देत नाही.

त्याहून जुनी परंपरा परधानांची. गोंडांच्या वंशकथा आणि देवकथा गाणारे हे लोक. कीकरी हे गजाने वाजवायचे वाद्य हाती घेऊन ते लिंगोची कथा गातात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अशाच एका परधानाकडून ती उतरवून घेतली होती. हिस्लॉप १८६३ साली ओढ्यात बुडून वारले आणि रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली त्यांचे कागद छापले. त्यात ही कथा पाच भागांत आहे. पहिल्यात गोंडांचा जन्म आणि त्यांचे गुहेत कोंडले जाणे. दुसऱ्यात लिंगोचा जन्म आणि त्याचा मृत्यू. ज्या भावांबरोबर तो राहिला तेच भाऊ बायकांच्या खोट्या तक्रारीवरून त्याला मारून टाकतात. तेवढाच भाग कुणी ऐकला तर तो म्हणेल, ही विश्वासघाताची गोष्ट आहे. पण तिसऱ्या भागात लिंगो पुन्हा जिवंत होतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या सुटकेसाठी निघतो. चौथ्यात तो त्यांची कुळे लावून देतो, देव लावून देतो. पाचव्यात लग्नाच्या रीती घालून देतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच पुढची घडी बसवली. रामाच्या गीतातही नेमके हेच नाही का? पण दोन्हीकडे ते कळते पुढचा भाग ऐकला तरच.

आज गाणे मिळवायला कष्ट नाहीत. मोबाइलवर बोट ठेवले की छप्पन्नच्या छप्पन्न गीते हजर होतात. पण मोबाइल ती आपल्या मर्जीने मागेपुढे करतो. 'पराधीन' संपले की एखादा अभंग, मग एखादे सिनेमातले गाणे. त्यात वाईट काही नाही, पण त्या गाण्याच्या शेजारी कोण उभे होते हे आपण विसरतो. म्हणून एक सुचवतो. एखाद्या रविवारी सकाळी चार गीते क्रमाने लावा. भरत कैकेयीवर संतापतो ते, लक्ष्मण धनुष्य उचलायला सांगतो ते, मग 'पराधीन' शेवटच्या कडव्यापर्यंत, आणि मग भरत पादुका मागतो ते. घरातल्या मुलांनाही बसवा. त्यांना पिंक फ्लॉईड आवडत असेल तर त्यांच्याकडून 'द वॉल'मधली ती चार गाणी, पहिला भाग, मास्तरांचे, कोरसचे आणि आईचे, अशी क्रमाने लावून घ्या. मुलांशी वाद घालायला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

शोकसभेत हे गाणे लावू नका, असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात 'तू वेळेवर दवाखान्यात नेले नाहीस' असे भाऊ भावाला म्हणतो आहे, सासू सुनेच्या पायगुणाला बोल लावते आहे, आई स्वतःलाच कोसते आहे, तिथे हे गाणे जरूर लावा. ते अशाच घरासाठी लिहिलेले आहे. मोठ्या भावाने धाकट्याचे डोळे पुसावेत म्हणून लिहिलेले आहे. पण माणूस खाणीत गेला असेल, यंत्रात गेला असेल, फाटकावर गेला असेल, तर आधी चौकशी होऊ द्या, पंचनाम्यात खरे लिहिले जाऊ द्या, मागे राहिलेल्या बाईच्या हाती तिच्या हक्काचे पैसे पडू द्या. त्यानंतर तिला वाटले तर गाणे ती लावील. क्षमा करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे.